सरकारी विमान कंपनीचा मालविभाग कसा चालतो: नागपूरहून पहिल्यांदा माल पाठवणाऱ्यांसाठी

मुंबई, दिल्ली, कलकत्ता आणि मद्रास या चार शहरांतून रात्री टपालाच्या थैल्या घेऊन एकेक विमान निघे आणि मध्यरात्रीच्या सुमारास ही चारही विमाने नागपूरच्या सोनेगाव विमानतळावर एकत्र येत. तेथे थैल्यांची अदलाबदल होई आणि प्रत्येक विमान इतर तीन शहरांचे टपाल घेऊन उजाडण्याच्या सुमारास आपल्या शहरी परत जाई. ही रात्रीची हवाई टपाल सेवा १९४९ च्या जानेवारीत सुरू झाली. सुरुवातीला ती खासगी कंपन्यांनी चालवली. १ ऑगस्ट १९५३ रोजी देशातल्या आठ विमान कंपन्या एकत्र करून इंडियन एअरलाइन्स कॉर्पोरेशन उभे राहिले, तेव्हापासून ती सरकारी कंपनीच्या हाती आली आणि पुढे बरीच वर्षे चालली. एका मध्यवर्ती ठिकाणी सगळा माल आणायचा, तेथे वाटून घ्यायचा आणि परत पाठवायचा, या पद्धतीवर आज जगभरच्या मालवाहू विमान कंपन्या चालतात. नागपूरने ती फार आधी चालवून दाखवली, याचा आपल्याला अभिमान वाटायला हरकत नाही.

मी या सेवेपासून सुरुवात करतो त्याला कारण आहे. चारपैकी एकही विमान उशिरा आले असते तर उरलेल्या तिघांचे टपाल अपुरे राहिले असते, म्हणून मुंबईतली थैली किती वाजता बांधायची हे मुंबईच्या सोयीवर नव्हे, तर नागपूरच्या मध्यरात्रीवर ठरणार हे उघड होते. हवाई मालवाहतुकीचे सगळे काम असेच आहे. उड्डाणाची वेळ आधी ठरते आणि तेथून मागे मोजत जाऊन बाकीची प्रत्येक वेळ ठरते. नागपुरात निर्यातदारांची कागदपत्रे आणि बुकिंग पाहण्याचे काम मी बऱ्याच वर्षांपासून करतो. या काळात जे माल अडकलेले पाहिले, त्यांतले बहुतेक पुढे मोजत गेल्यामुळे अडकले: माल तयार झाला, मग कागद काढले, मग विमान शोधले. हा लेख हिंगणा, बुटीबोरी किंवा मिहानमधून, अथवा घरगुती उद्योगातून, पहिल्यांदाच विमानाने माल पाठवू पाहणाऱ्यांसाठी आणि या व्यवसायात नव्याने नोकरीला लागलेल्यांसाठी आहे.

पहिली पायरी: माल नेणारे कोण, हे ओळखावे

जुन्या व्यापाऱ्यांकडून अजूनही सल्ला मिळतो की एअर इंडियाच्या कार्गोत माल टाका, सरकारी आहे, काळजी नाही. हा सल्ला आता लागू होत नाही. २७ जानेवारी २०२२ रोजी एअर इंडिया टाटा समूहाकडे गेली. केंद्र सरकारकडे राहिलेली प्रवासी विमान कंपनी म्हणजे अलायन्स एअर, पण तिची एटीआर विमाने लहान असून त्यांत मालाला जागा थोडीच मिळते. नागपूरच्या निर्यातदाराचा सरकारी विमान कंपनीशी संबंध आज येतो तो बहुधा परदेशी सरकारांच्या कंपन्यांशी. नागपूर–दोहा मार्गावरची कतार एअरवेज कतार सरकारच्या मालकीची आहे. मुंबई किंवा दिल्लीमार्गे माल गेला तर दुबई सरकारच्या मालकीची एमिरेट्स, सौदी सरकारची सौदिया, किंवा आफ्रिकेकडे जाणाऱ्या औषधांसाठी इथियोपियाची सरकारी इथियोपियन एअरलाइन्स यांच्याशी गाठ पडते. नागपूरहून शारजाला जाणारी एअर अरेबिया मात्र या गटातली नाही. ती शेअर बाजारात नोंदलेली कंपनी आहे.

मालकी सरकारची असल्याने पाठवणाऱ्याच्या दृष्टीने दोन गोष्टी बदलतात. पहिली म्हणजे माल जवळजवळ नेहमी त्या देशाच्या मुख्य विमानतळावरून जातो: कतारचा दोह्याहून, इथियोपियाचा अदिस अबाबाहून. त्यामुळे मुक्काम कोठेही असला तरी मध्ये एकदा विमान बदलणार, खोकी उतरणार आणि पुन्हा चढणार, हे धरूनच पॅकिंग करावे लागते. दुसरी म्हणजे राष्ट्रीय गरज पडली की सरकारी कंपनीची विमाने तिकडे वळतात. १९९० मध्ये कुवेतमधून लाखाहून अधिक भारतीयांना एअर इंडियाने परत आणले. २०२० च्या मार्चअखेरीस टाळेबंदीत लाइफलाइन उडान सुरू झाली, तेव्हा तेव्हाची सरकारी एअर इंडिया, अलायन्स एअर आणि हवाई दलाची विमाने औषधे व वैद्यकीय साहित्य घेऊन देशभर फिरत होती. अशा वेळी नेहमीचा माल मागे राहतो आणि तो राहावा हेच योग्य आहे. पण आपल्या ग्राहकाला दिलेल्या तारखेत तेवढी मोकळीक ठेवलेली असावी. दर मात्र सरकारी मालकीमुळे कमी होतात असे मानू नये. दर त्या मार्गावरच्या जागेवर ठरतो.

आणखी एक घोटाळा सुरुवातीलाच दूर करावा. विमान कंपनी, विमानतळावरचे मालगोदाम चालवणारी संस्था, सीमाशुल्क विभाग आणि फ्रेट फॉरवर्डर, म्हणजे पाठवणाऱ्याच्या वतीने वाहतुकीची व्यवस्था करणारा, हे चार वेगळे पक्ष आहेत. भारतीय विमानतळ प्राधिकरणाची एएआयक्लास नावाची कंपनी २०१६ मध्ये स्थापन झाली. ती अनेक विमानतळांवर मालगोदामे चालवते, पण तिचे स्वतःचे विमान नाही. नवखा माणूस गोदामाच्या खिडकीवर उभा राहून विमानाचा दर विचारतो किंवा विमान कंपनीला फोन करून सीमाशुल्काची परवानगी कधी मिळणार असे विचारतो, आणि त्यात अर्धा दिवस जातो.

जागेचा अंदाजही आताच घ्यावा. नागपूरहून सुटणाऱ्या प्रवासी विमानांत माल जातो तो प्रवाशांच्या पायाखालच्या भागात, ज्याला या धंद्यात बेली म्हणतात. एअरबस ए३२० च्या बेलीत प्रवाशांचे सामान धरल्यावर साधारण दोन-तीन टन मालाची जागा उरते आणि तिचा दरवाजा जेमतेम सव्वा मीटर उंच असतो. याउलट बोइंग ७७७ चे पूर्ण मालवाहू विमान १०० टनांच्या आसपास माल नेते. दीड मीटर उंचीची लाकडी पेटी नागपूरहून थेट प्रवासी विमानात चढणार नाही. ती मुंबईला नेऊन मोठ्या विमानात घालावी लागेल. त्यासाठी विमान कंपन्या ट्रकसेवा वापरतात, म्हणजे एअर वे बिल, अर्थात विमानमालाची वाहतूक-पावती, नागपूरचेच असते आणि पहिला टप्पा सीमाशुल्काच्या मोहोरेखाली ट्रकने होतो. समृद्धी महामार्ग ५ जून २०२५ पासून पूर्ण ७०१ किलोमीटर खुला झाल्याने हा मार्ग सोपा झाला आहे, पण मालट्रकचा हिशेब मोटारीच्या ८ तासांनी करू नये. भिवंडीकडची गर्दी आणि मुंबईच्या गोदामाबाहेरची रांग धरून मी पूर्ण एक दिवस राखून ठेवतो.

दुसरी पायरी: वजन आणि आकारमान

या पायरीवर नवखे लोक सर्वाधिक पैसे गमावतात, म्हणून येथे थोडे थांबू.

विमान कंपनी खरे वजन आणि आकारमानाचे वजन यांपैकी जे जास्त असेल त्यावर भाडे घेते. आकारमानाचे वजन काढण्यासाठी खोक्याची लांबी, रुंदी आणि उंची सेंटीमीटरमध्ये गुणून ६,००० ने भागतात. कुरिअर कंपन्या बहुधा ५,००० ने भागतात, त्यामुळे तेच खोके कुरिअरच्या हिशेबात अधिक जड ठरते. माप घ्यायचे ते खोक्याच्या बाहेरून, आणि खोके फुगले असेल तर फुगलेल्या ठिकाणी.

समजा गडचिरोलीच्या कारागिरांनी केलेले बांबूचे दिवे पाठवायचे आहेत. एक खोके ६० बाय ५० बाय ४० सेंटीमीटर, खरे वजन ९ किलो. गुणाकार होतो १,२०,०००. त्याला ६,००० ने भागले की २० किलो. अशी १० खोकी असतील तर काट्यावर ९० किलो दिसतील, पण भाडे २०० किलोंचे लागेल. आता तेच दिवे एकात एक बसतील असे रचले आणि खोक्याची उंची ४० वरून २८ सेंटीमीटरवर आणली, तर एका खोक्याचे आकारमानाचे वजन १४ किलो होते आणि एकूण भाडे १४० किलोंवर येते. दिवे तेच आणि विमान तेच, पण ६० किलोंचे भाडे वाचले.

याहून मोठी बचत हलका आणि जड माल एकत्र करण्यात आहे. हिंगण्याच्या एखाद्या कारखान्याचे यंत्राचे सुटे भाग घ्या: खोके ४० बाय ३० बाय २५, आकारमानाचे वजन ५ किलो, पण खरे वजन ३२ किलो. अशी ४ खोकी म्हणजे खरे वजन १२८ किलो आणि आकारमानाचे फक्त २०. दोन्ही माल वेगवेगळ्या एअर वे बिलावर गेले तर बांबूचे २०० आणि सुट्या भागांचे १२८ मिळून ३२८ किलोंचे भाडे होते. दोन्ही एकाच बिलाखाली गेले तर खरे वजन २१८ आणि आकारमानाचे २२०, म्हणजे भाडे २२० किलोंचेच. फ्रेट फॉरवर्डर अनेकांचा माल एकत्र करतो तो याच हिशेबाने, आणि त्याची मिळकतही बरीचशी येथूनच येते. यात गैर काही नाही; पण हा हिशेब ज्याला समजतो त्याला दर ठरवताना बोलता येते.

दराचे टप्पेही पाहून घ्यावेत. ४५ किलोंखालचा दर सर्वांत महाग असतो आणि पुढे ४५, १००, ३००, ५०० किलो असे टप्पे गाठले की प्रतिकिलो दर उतरतो. माल ९२ किलो असेल आणि ४५ च्या टप्प्याचा दर उदाहरणादाखल १२० रुपये, तर १०० च्या टप्प्याचा १०५ रुपये धरला, तर ९२ किलोंचे ११,०४० रुपये होतात, पण १०० किलो धरून १०,५०० रुपयेच. विमान कंपनी हा स्वस्त हिशेब लावू देते, मात्र तो आपण मागावा लागतो. भाड्यावर इंधन आणि सुरक्षेचे अधिभार वेगळे लागतात, म्हणून दर विचारताना सगळे धरून किती, असे विचारून उत्तर लेखी घ्यावे.

ताज्या संत्र्यांविषयी मला दरवर्षी विचारणा होते, म्हणून येथेच सांगतो. नागपुरी संत्र्याला २०१४ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले आहे आणि ते जगभर जावे असे मलाही मनापासून वाटते, पण संत्रे जड आणि किलोमागे स्वस्त फळ आहे. विमानाचे भाडे बहुधा फळाच्या किमतीहून अधिक होते. नवीन ग्राहकाला दाखवायची दोन-चार खोकी विमानाने जावीत. व्यापाराचा माल रस्त्याने किंवा थंड कंटेनरमधून समुद्रमार्गे पाठवावा.

तिसरी पायरी: धोकादायक माल ओळखणे

नागपूरकराला ही पायरी विशेष लागू आहे, कारण संत्र्याच्या सालीचे तेल हा आपल्याकडचा चांगला चालणारा पदार्थ आहे आणि तो ज्वलनशील द्रव आहे. या तेलाचा मुख्य घटक लिमोनिन सुमारे ५० अंश सेल्सिअसच्या आसपास पेट घेण्याइतकी वाफ देऊ लागतो. विमानवाहतुकीच्या नियमांत ज्या द्रवाची ही मर्यादा ६० अंश किंवा त्याहून कमी असते तो तिसऱ्या वर्गाचा धोकादायक माल ठरतो. म्हणजे त्याला ठरावीक मान्यतेची बाटली आणि खोके, वर्गाचे लेबल, आणि प्रशिक्षित व्यक्तीने सही केलेले घोषणापत्र लागते. पावतीवर "नैसर्गिक सुगंधी अर्क" असे लिहिल्याने तेल बदलत नाही. पहिल्या नमुन्याची लहान बाटलीसुद्धा या नियमांतून आपोआप सुटत नाही, म्हणून तेलाचे सुरक्षा माहितीपत्रक उत्पादकाकडून आधी मागवावे आणि त्यातला वाहतुकीचा भाग फॉरवर्डरला दाखवावा.

सुट्या लिथियम आयन बॅटऱ्या १ एप्रिल २०१६ पासून प्रवासी विमानांत माल म्हणून नेता येत नाहीत. नागपूरहून थेट जाणारा माल जवळजवळ सगळा प्रवासी विमानांतच जात असल्याने पॉवर बँक किंवा सुट्या बॅटऱ्यांची ऑर्डर घेण्यापूर्वी मालवाहू विमानाचा मार्ग पाहून ठेवावा लागतो. रंग, स्प्रेचे डबे, अत्तर, काही प्रकारचा गोंद यांबाबतही असेच विचारून घ्यावे. विचारायला लाज वाटू देऊ नये. विमान हवेत असताना पोटातल्या खोक्यापर्यंत कोणाचाही हात पोचत नाही आणि वर दीडशे-दोनशे माणसे बसलेली असतात.

चौथी पायरी: कागद

पहिल्यांदा निर्यात करणाऱ्याला काही कागद एकदाच काढावे लागतात: विदेश व्यापार महासंचालनालयाचा आयात-निर्यात कोड, परकीय चलनाचे व्यवहार पाहणाऱ्या आपल्या बँकशाखेचा एडी कोड आणि त्याची आइसगेट या सीमाशुल्काच्या संकेतस्थळावरील नोंदणी, जीएसटी क्रमांक, आणि कर न भरता निर्यात करायची असेल तर हमीपत्र, जे प्रत्येक आर्थिक वर्षासाठी नव्याने द्यावे लागते. हे सगळे ऑनलाइन होते, तरी एडी कोडची नोंदणी बँकेच्या शाखेवर अवलंबून असल्याने तेथे दिवस जातात. पहिल्या ऑर्डरची वाट न पाहता ती करून ठेवावी.

प्रत्येक मालाबरोबर बीजक आणि पॅकिंग लिस्ट लागते, आणि त्यावरून सीमाशुल्क दलाल शिपिंग बिल, म्हणजे निर्यातीचा सीमाशुल्काचा अर्ज, भरतो. बांबू, धान्य, फळे, बियाणे अशा वनस्पतिजन्य मालाला ग्राहकाच्या देशाच्या मागणीनुसार वनस्पती आरोग्य प्रमाणपत्र लागते. लाकडी पेटी किंवा पॅलेट वापरले तर लाकडावर उष्णता-प्रक्रियेचा आंतरराष्ट्रीय शिक्का असावा लागतो, म्हणजे लाकूड गाभ्यापर्यंत ५६ अंशांवर ३० मिनिटे तापवलेले असले पाहिजे. हा शिक्का नसलेली पेटी येथून सुटते आणि परक्या देशात अडते, आणि तेथून सोडवण्याचा खर्च कधीकधी मालाहून अधिक होतो. देशांतर्गत माल पाठवताना यातले फारसे काही लागत नाही. ५० हजार रुपयांहून अधिक किमतीचा माल दुसऱ्या राज्यात जात असेल तर ई-वे बिल विसरू नये.

ग्राहकाचे नाव आणि पत्ता बीजक, शिपिंग बिल आणि एअर वे बिल या तिन्हींवर अक्षरशः सारखा असावा. एकावर "ट्रेडिंग" आणि दुसऱ्यावर "ट्रेडर्स" एवढ्या फरकानेही पलीकडे माल थांबतो.

पाचवी पायरी: एअर वे बिल समजून घेणे

एअर वे बिलाचा क्रमांक ११ अंकी असतो. पहिले ३ अंक विमान कंपनीचे: एअर इंडिया ०९८, कतार १५७, एमिरेट्स १७६, इथियोपियन ०७१, इंडिगो ३१२. पुढचे ७ अंक अनुक्रमांक आणि शेवटचा अंक तपासणीचा. अनुक्रमांकाला ७ ने भागून जी बाकी उरते तोच शेवटचा अंक असतो. समजा अनुक्रमांक १२३४५६७ आहे. ७ ने भागल्यावर बाकी ५ उरते, म्हणून पूर्ण क्रमांक १५७-१२३४५६७५ असा होईल. फोनवरून क्रमांक लिहून घेताना एखादा अंक चुकला तर या भागाकाराने बहुतेक वेळा तेथल्या तेथे कळते. मी आजही प्रत्येक क्रमांक लेबले छापण्यापूर्वी असा तपासून घेतो.

याहून महत्त्वाची गोष्ट पैशाची आहे. समुद्रमार्गाच्या बिल ऑफ लेडिंगप्रमाणे एअर वे बिल हा मालकीचा कागद नाही. बिलावर ज्याचे नाव आहे त्याला मूळ कागद न दाखवताही माल मिळू शकतो. त्यामुळे बँकेतून कागद सोडवल्याशिवाय ग्राहकाला माल मिळणार नाही, हा समुद्रमार्गाचा भरवसा येथे धरू नये. ग्राहक नवा असेल तर पैसे आधी घ्यावेत, किंवा ग्राहकाच्या बँकेची आधी संमती घेऊन माल तिच्या नावे पाठवावा.

सहावी पायरी: मागे मोजणे आणि माल सोपवणे

आखाताकडे जाणारी उड्डाणे बहुधा पहाटेची असतात. समजा विमान गुरुवारी पहाटे ४ वाजता आहे. विमान कंपनी माल काही तास आधी बंद करते, म्हणजे बुधवारी रात्री. पण सीमाशुल्काची निर्यात परवानगी कामकाजाच्या वेळेत मिळवायची असल्याने ती बुधवारी दुपारपर्यंत हातात हवी. त्यासाठी माल बुधवारी सकाळी विमानतळाच्या गोदामात हवा, म्हणजे बुटीबोरीचा ट्रक वर्धा रोडची सकाळची गर्दी धरून ८ वाजता निघाला पाहिजे. शिपिंग बिल मंगळवारी भरायचे, तर त्यातली वजने आणि मापे सोमवारी पक्की हवीत, म्हणजे पॅकिंग सोमवारी संध्याकाळी संपलेले हवे. वनस्पती आरोग्य तपासणी असेल तर ती त्याआधी. आणि जागेचे बुकिंग आदल्या आठवड्यात.

सुरुवातीच्या काळात मी एका ग्राहकाला "गुरुवारचे विमान आहे" एवढेच सांगितले होते. गुरुवारी सकाळी १० वाजता तो ११ खोकी घेऊन गोदामाच्या दारात आला, तेव्हा विमान समुद्र ओलांडून गेले होते. पुढचे विमान मिळेपर्यंत त्याची प्रदर्शनाची तारीख उलटली. त्या दिवसापासून मी विमानाचा वार आणि तारीख सांगत नाही; "बुधवारी सकाळी ९ वाजता माल गोदामात" असे लिहून देतो आणि ग्राहकाकडून ते परत लिहून घेतो.

खोक्यांवर जुनी लेबले, जुने बारकोड काहीही राहू देऊ नये. प्रत्येक खोक्यावर एअर वे बिल क्रमांक, मुक्कामाच्या विमानतळाचे नाव आणि "११ पैकी ४" असा खोक्याचा अनुक्रम असावा. लेबल बाजूला लावावे, वरच्या झाकणावर नव्हे. एकावर एक रचल्यावर झाकण दिसत नाही. उन्हाळ्यात नागपूरचे तापमान ४५ अंशांवर जाते आणि विमानाजवळच्या काँक्रीटवर त्याहून अधिक. खोकी ट्रॉलीवर थांबतात तेवढ्या वेळात मेणाच्या वस्तू, चॉकलेट, काही औषधे बिघडतात. अशा मालासाठी उष्णतारोधक आवरण घ्यावे आणि तापमानाची अट बुकिंगच्या वेळीच नोंदवावी.

गोदामात काय होते ते एकदा जवळून पाहावे. लोडर खोकी काट्यावर ठेवतो, कारकून आकडा वाचतो आणि दुसरा माणूस टेप घेऊन प्रत्येक आकाराच्या एका खोक्याचे माप घेतो. ट्रकमध्ये चिकटपट्टी सैल झाली असेल तर खोक्याचे पोट बाहेर आलेले असते आणि ४० ची उंची ४२ भरते. मग बिलावरचा आकडा बदलतो, भाडे बदलते, आणि घाईत कोणीतरी बदललेला आकडा एका कागदावर लिहून दुसऱ्यावर लिहायचा विसरतो. म्हणून आपल्या माणसाने तेथे उभे राहावे, हातात पॅकिंग लिस्ट ठेवावी आणि काट्यावरचा आकडा स्वतः वाचावा. त्यानंतर माल क्ष-किरण तपासणीतून जातो. दाट धातूचे भाग पडद्यावर काळे दिसतात आणि खोके उघडायची वेळ येऊ शकते, तेव्हा पुन्हा बंद करण्यासाठी चिकटपट्टी आणि पट्ट्या बरोबर असू द्याव्यात.

विमानाच्या पोटात आणि त्यानंतर

माल आत गेल्यावर आपल्या हातात फारसे राहत नाही, पण आत काय होते हे माहीत असले तर उगाच राग येत नाही. वजन कोठे ठेवायचे याचा आराखडा केला जातो, कारण वजन फार पुढे किंवा फार मागे गेले तर विमानाचा तोल बिघडतो. मोठ्या विमानांत माल २४४ बाय ३१८ सेंटीमीटरच्या धातूच्या पॅलेटवर जाळी घालून बांधतात. ए३२० मध्ये बहुधा लोडर गुडघ्यांवर बसून एकेक खोके हाताने आत सरकवतात. धोकादायक माल असेल तर त्याची लेखी सूचना कप्तानाच्या हाती दिली जाते. वजन कमी करायची वेळ आली तर प्रवासी आणि त्यांचे सामान राहते आणि माल उतरतो. गरम हवा विरळ असल्याने उन्हाळ्याच्या दुपारी विमानाला कमी वजन उचलता येते. नागपूरची धावपट्टी ३,२०० मीटर लांब असल्याने येथे हा प्रश्न कमी येतो, पण छोट्या धावपट्टीच्या गावी जाणाऱ्या मालाला तो येऊ शकतो.

उड्डाणानंतर विमान कंपनीच्या संकेतस्थळावर क्रमांक टाकून माल कोठे आहे ते पाहता येते. आरसीएस म्हणजे माल कंपनीने स्वीकारला, डीईपी म्हणजे विमान सुटले, आरसीएफ म्हणजे पुढच्या विमानतळावर विमानातून उतरवून मोजून घेतला, एनएफडी म्हणजे घेणाऱ्याला कळवले आणि डीएलव्ही म्हणजे माल दिला. डीईपी दिसताच सर्व कागदांच्या प्रती ग्राहकाला पाठवाव्यात, म्हणजे विमान उतरण्यापूर्वी त्याचा दलाल तयारीत राहील. दोह्यासारख्या मधल्या ठिकाणी आरसीएफमध्ये ११ ऐवजी ९ खोकी दिसली तर त्याच दिवशी लेखी विचारणा करावी. मागे राहिलेली दोन बहुधा पुढच्या विमानाने येतात, पण तोवर ग्राहकाने अर्धा माल सोडवून घ्यायचा की थांबायचे हे त्याला ठरवता आले पाहिजे.

नुकसान झाले तर मुदती कडक आहेत. भारत ज्याचा सदस्य आहे त्या माँट्रियल करारानुसार आंतरराष्ट्रीय मालाच्या मोडतोडीची लेखी तक्रार माल मिळाल्यापासून १४ दिवसांत, आणि उशिराची तक्रार माल ताब्यात उपलब्ध झाल्यापासून २१ दिवसांत करावी लागते. दावा लावण्याची मुदत २ वर्षे आहे. कंपनीवरची जबाबदारी मालाच्या किमतीइतकी नसून वजनावर ठरते: करारातील ही मर्यादा २८ डिसेंबर २०२४ पासून किलोमागे २६ एसडीआर, म्हणजे आंतरराष्ट्रीय नाणेनिधीच्या हिशेबी चलनातले २६ एकक, इतकी आहे. हलक्या पण महाग मालाला, उदाहरणार्थ इलेक्ट्रॉनिक भागांना, ती अगदीच अपुरी पडते, म्हणून विमा वेगळा काढावा. ग्राहकाला आधीच सांगून ठेवावे की खोके दबलेले, ओले किंवा फाटलेले दिसले तर पावतीवर तसे लिहूनच सही करावी, खोके उघडण्यापूर्वी चारही बाजूंनी छायाचित्रे घ्यावीत आणि त्याच दिवशी आपल्याला पाठवावीत.